वाळवंटातले थांबे

वाळवंटात पाहायचे काय, असा प्रश्न निघण्यापूर्वी आम्हांला चौघांनी तरी विचारला. कोकणात जाणाऱ्याला असे कोणी विचारत नाही. महाबळेश्वरला जाणाऱ्यालाही नाही. तिथे डोळ्यांना काम आहे, हे सर्वमान्य आहे. वाळवंट म्हटले की एक उंट, त्याची लांबलेली सावली आणि मागे मावळणारा सूर्य एवढेच लोकांना आठवते. आणि तेवढे तर वाण्याच्या कॅलेंडरावरही असते. त्यासाठी एक रात्र नि एक दिवस आगगाडीत काढून जोधपूरला उतरायचे, तिथून भाड्याची गाडी करायची आणि चार दिवस वाळूतून हिंडायचे, हा निव्वळ पैशाचा चुराडा होय, असे आमच्या शेजाऱ्यांचे मत पडले.

मला मात्र त्या प्रवासात एक गंमत उमगली. जिथे पाहण्यासारखे फार असते, तिथे आपण थांबतच नाही. घाट उतरताना दहा देवळे, वीस धबधबे नि पन्नास वळणे मागे जातात, आणि आपण डबा उघडून बसलेले असतो. वाळवंटात तसे नाही. दोन लाख चौरस किलोमीटरांचा हा थरचा विस्तार; रस्ता आखणीच्या पट्टीसारखा सरळ. अर्धा तास काही दिसत नाही, आणि मग एखादे खेजडीचे झाड दिसले तरी गाडीतली सगळी मंडळी मान वळवून त्याच्याकडे पाहतात. अशा ठिकाणी माणसाने रस्त्याच्या कडेला काहीही मांडून ठेवले तरी त्याला मान मिळतो. आणि इथल्या माणसांनी खरोखरच काहीही मांडून ठेवले आहे.

आम्ही तिघे होतो. मी, सौ. आणि आमचे चिरंजीव. चिरंजीव नुकतेच अठरा वर्षांचे झाले होते, आणि अठरा वर्षांच्या मुलाला जे हवे असते ते त्यांनाही हवे होते. त्या वस्तूचे नाव आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. सौ.चा धाकटा भाऊ चौदा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून घरी येताना गेला. तेव्हापासून रस्त्यावर ते ठरावीक धडधडणारे इंजिन ऐकू आले की ती हातातले काम थांबवते, आवाज दूर जाईपर्यंत उभी राहते आणि मग पुन्हा कामाला लागते. चिरंजीवांनी एकदा जेवताना विषय काढला होता. "त्या गाडीचं नाव या घरात घ्यायचं नाही," एवढेच ती म्हणाली. ताटातला भात तिने तसाच ठेवला. विषय तिथेच संपला, म्हणजे बोलण्यातला संपला. मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर तो रेखाटलेला मी पाहत होतो.

जोधपूरला गाडी घेऊन आलेला सारथी पन्नाशीचा, मिशीवाला आणि मितभाषी होता. मी शाळामास्तर आहे असे कळताच त्याने मला 'माटसाब' म्हणायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत. जैसलमेरचा रस्ता उत्तरेकडे जातो हे मी नकाशात पाहून ठेवले होते. याने गाडी दक्षिणेला, पालीच्या रस्त्याला लावली. मी विचारले तेव्हा म्हणाला, "माटसाब, पहले बुलेट बाबा. उनको धोक दिये बिना मैं लंबे रास्ते नहीं चलता." पन्नास किलोमीटर उलट्या दिशेला! वर म्हणाला, त्या फेऱ्याचे पैसे नकोत.

मागच्या आसनावर चिरंजीव ताठ बसले. सौ. खिडकीबाहेर पाहू लागली.

चोटिला गावाजवळ, हमरस्त्याच्या अगदी कडेला ते ठाणे आहे. फुलांची, नारळांची, लाल धाग्यांची दुकाने. मध्ये चौथरा, त्यावर फोटो, तेवणारी ज्योत. आणि काचेच्या पेटीत, झेंडूच्या माळा घालून उभी असलेली एक बुलेट मोटारसायकल. क्रमांक आरएनजे ७७७३. ओमसिंह राठोड नावाचा इथला तरुण १९८८ साली या गाडीवरून जाताना झाडावर आदळून जागच्या जागी मेला. तेच हे झाड. आता त्याला इतके धागे आणि बांगड्या बांधल्या आहेत की बुंधा दिसत नाही. लोक सांगतात की पोलिसांनी गाडी चौकीत नेली, तर सकाळी ती पुन्हा अपघाताच्या जागी उभी. टाकीतले पेट्रोल काढले, साखळदंडाने बांधली. तरी सकाळी ती तिथेच. तेव्हापासून ओमसिंहाचे 'ओम बन्ना' झाले. येणारेजाणारे ट्रकवाले वेग कमी करतात, कर्णा वाजवतात, उतरून हात जोडतात. काही जण दारूही वाहतात.

आमचे चिरंजीव विज्ञान शाखेचे. त्यांनी सारथ्याला विचारले, "पण गाडीची किल्ली कुणाकडे होती?"

सारथी हसला नाही. म्हणाला, "बेटा, घोड़े को चाबी लगती है क्या?"

हे उत्तर मला फार आवडले. मारवाडच्या गावोगावी दगडांवर घोडेस्वार कोरलेले असतात. गाईगुरांसाठी, गावासाठी लढताना पडलेल्या वीरांचे ते दगड. आपल्याकडच्या वीरगळांचे सख्खे भाऊ. इथले लोकदेव बहुतेक घोड्यावरचे. पाबूजींची केसर काळमी घोडी तर धन्याइतकीच पूजेला पात्र. आपला जेजुरीचा खंडोबा तरी घोड्यावाचून कुठे दिसतो? रस्त्यावर अकाली गेलेला तरुण आणि त्याचे वाहन यांना दैवत मानायची रीत इथे शेकडो वर्षांची आहे. मध्ये फक्त घोड्याला चाके आली. बाहेरच्या माणसाला जी गोष्ट विक्षिप्त वाटते, ती पुष्कळदा त्या मातीतली सर्वांत जुनी चाल असते.

सौ. गाडीतून उतरली होती. ती त्या काचेच्या पेटीपर्यंत गेली नाही. झाडापाशी उभी राहिली. नंतर फुले विकणाऱ्या म्हातारीजवळ जाऊन तिने तिच्या मोडक्या हिंदीत विचारले, "याची आई होती का हो?"

इतक्या लोकांची रीघ, इतक्या कथा, आणि हा प्रश्न तिथे कोणी विचारीत नसावे. म्हातारी थोडा वेळ हिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माँ तो सबकी होवे है, बाईसा." तिने फुलांचे पैसे घेतले नाहीत. सौ.ने ती फुले चौथऱ्यावर न वाहता झाडाच्या मुळाशी ठेवली.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. जोधपुरात सारथ्याने मिरचीवडे आणले. तोंड इतके पोळले की अबोला आपोआप सुटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फलोदीच्या वाटेला लागलो. १९ मे २०१६ रोजी या गावात पारा ५१ अंशांवर गेला होता. आम्ही गेलो ते डिसेंबरात, म्हणून हे वाक्य मला शांतपणे लिहिता येते. फलोदीला लागून खीचन नावाचे गाव आहे. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे करकोचे, ज्यांना इथे कुरजां म्हणतात, हिवाळ्यात हजारोंनी इथे उतरतात. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी कुंपण घातलेले अंगण राखले आहे. तिथे रोज पोत्यांनी धान्य पसरले जाते. पहाटे आम्ही एका घराच्या गच्चीवर उभे होतो. आधी लांबून कालवा ऐकू आला. मग आकाशाच्या कडेला राखी रंगाच्या रेघा उमटल्या आणि बघता बघता अंगण भरून गेले. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. शाळेच्या घंटेनंतर मुले रांगा करतात तितपतच शिस्त. म्हणजे लांबून दिसते, जवळून नाही.

मारवाडच्या लोकगीतांत दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पाठवायचा तो या कुरजांबरोबर. सौ.ला त्यात रस नव्हता. तिने गच्चीच्या मालकाला विचारले, "यांची पिल्लंही बरोबर येतात का?"

"पहले साल माँ-बाप के साथ," तो म्हणाला. "फिर रास्ता उन्हें खुद याद रहता है."

"पहिलंच वर्ष," सौ. माझ्याकडे वळून म्हणाली. मी म्हटले, "त्यांना हिमालय ओलांडायचा असतो. आपल्याला नुसता चौक." ती काही बोलली नाही, पण चिरंजीवांनी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिले.

पुढे रामदेवरा लागले. बाबा रामदेव, अर्थात रामसा पीर, यांच्या समाधीला हिंदूही येतात नि मुसलमानही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांतून कापडी घोडे टांगलेले. वीतभर घोड्यापासून माणसाएवढ्या घोड्यापर्यंत. ते बाबांना वाहायचे. चिरंजीवांनी एक लहानसा पांढरा घोडा विकत घेतला. वाहायला नव्हे, घरी न्यायला. "टेबलावर ठेवीन," ते म्हणाले. सौ.ने किंमत विचारली आणि दुकानदाराशी घासाघीस करून ती दहा रुपयांनी उतरवून दिली. घोड्याला तिची हरकत दिसली नाही.

मग पोखरण. हे नाव ऐकले की आपल्याला १९७४ आणि १९९८ सालचे अणुस्फोट आठवतात. त्या मानाने गाव अगदी सौम्य आहे. बाजारात चमचम नावाची मिठाई मिळते, ती खाण्यासाठी गाड्या थांबतात. जमिनीखाली झालेल्या त्या प्रचंड गडगडाटाची एकही खूण हलवायाच्या दुकानात नव्हती. पाकात बोटे बुडवून आम्ही तिघांनी चमचम खाल्ली. सारथ्याने घरच्यांसाठी डबा भरून घेतला.

संध्याकाळी जैसलमेर. ११५६ साली रावळ जैसलाने वसवलेला तो पिवळ्या दगडाचा किल्ला. आत अजूनही संसार चालू आहेत. चुली पेटतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, मुले अभ्यासाला बसतात. किल्ल्याच्या दाराशी सरकारमान्य भांगेचे दुकान आहे. पाटीवर 'सरकारी' हा शब्द इतका ठळक की भांगेपेक्षा त्याचीच नशा यावी. सौ.ने मला तिथे पाटी वाचण्यापुरतेच थांबू दिले.

जैसलमेरहून बाडमेरच्या वाटेवर सतरा किलोमीटरांवर आकल नावाचे ठिकाण आहे. तिथे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्या माळावर पडले आहेत. सर्वांत मोठा तेरा मीटरांहून लांब. कधी काळी इथे पाऊस पडत होता, घनदाट रान होते, पलीकडे समुद्र होता. झाडे पडली, गाळाखाली दबली, आणि पाण्यातली खनिजे लाकडाच्या कणाकणाची जागा घेत गेली. साल तशीच, रेषा तशाच. फक्त लाकूड नाही. ओंडक्यांना लोखंडी पिंजरे करून वर पत्रे घातले आहेत. "पळून जातील म्हणून का?" सौ.ने विचारले. चिरंजीव म्हणाले, "नाही, आई. माणसं उचलून नेतील म्हणून." आपण ज्याला नाहीसे होणे म्हणतो ते कधी कधी इतके टिकाऊ असते, हे मला तिथे जाणवले. त्यावर मी बोलायला लागणार होतो, पण सौ. एका ओंडक्याच्या रेषांकडे टक लावून पाहत होती, म्हणून गप्प राहिलो.

शेवटचा दिवस सीमेकडचा होता. जैसलमेर मागे पडले की आधी पवनचक्क्यांचे रान लागते, मग रामगढ, मग फक्त वाळू आणि काळा रस्ता. लोंगेवाला येथे रणगाडे उभे करून ठेवले आहेत. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सुमारे सव्वाशे जवानांनी इथे रणगाड्यांच्या तांड्याला सकाळपर्यंत थोपवून धरले. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमाने आली. आता त्या रणगाड्यांपुढे लहान मुले फोटोसाठी उभी राहतात.

तिथून तनोट. तनोटमातेचे देऊळ पुरातन. त्याची देखभाल आणि पूजाअर्चा सीमा सुरक्षा दल करते. जवानच आरती करतात. १९६५च्या युद्धात या परिसरावर तोफांचे तीन हजार गोळे पडले असे सांगतात. त्यांतले साडेचारशे देवळाच्या आवारात. एकही फुटला नाही. त्यांतले काही देवळात काचेच्या कपाटात मांडून ठेवले आहेत. गंजलेले, जड, मुकाट. मोठ्या पितळी तपेल्यांशेजारी ठेवले तर चटकन वेगळे कळणार नाहीत.

चिरंजीव हलक्या आवाजात म्हणाले, "वाळू मऊ असते ना, बाबा. फ्यूज उडाला नसेल."

"नसेल," मी म्हणालो.

सौ. त्या कपाटापुढे किती तरी वेळ उभी होती. आरती सुरू झाली, जवानांचे धीट, बेसूर आवाज घुमले, तरी ती तिथेच. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "हे बरं आहे, नाही? जे झालं नाही त्याचंही देऊळ."

मी माणसांची बहुतेक स्मारके पाहिली आहेत ती घडलेल्या गोष्टींची. जिथे लढाई झाली तिथे स्तंभ, जिथे माणूस पडला तिथे दगड, जिथे गाडी आदळली तिथे झाडाला धागे. पालीच्या रस्त्यावरचे ठाणे तसेच. चौदा वर्षे आमच्या घरातही तसेच एक अदृश्य ठाणे आहे. त्यापुढे रोज दिवा लागतो. मुलगा शाळेतून आला, पावसातून आला, क्लासमधून उशिरा का होईना पण आला, सहलीच्या बसमधून उतरून धावत आला. अशा हजारो संध्याकाळी त्याच घरात येऊन गेल्या. प्रत्येक संध्याकाळी काहीतरी आमच्या अंगणात पडले आणि फुटले नाही. त्याचे आम्ही काय केले? चहा टाकला आणि विसरलो. ते गोळे गोळा करून कोणी काचेच्या कपाटात लावले असते तर आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नसती.

हे सगळे मी तिथे बोलून दाखवले नाही. ती माझ्या आधीच तिथे पोचली होती.

तनोटला रुमाल बांधायची चाल आहे. मनातले मागायचे, रुमालाला गाठ मारायची. फळाला आले की येऊन सोडायची. देवळाबाहेर रुमालांच्या भिंतीच झाल्या आहेत. सौ.ने आपला रुमाल शोधला, मग तो पिशवीत परत ठेवला आणि चिरंजीवांपुढे हात केला.

"तुझा दे."

"मळलाय, आई."

"असू दे."

तिने तो घेतला, चार घड्या घातल्या, जाळीला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. तिचा हात गाठीवर जरा वेळ राहिला.

"काय मागितलंस?" चिरंजीवांनी विचारले.

"ते सांगायचं नसतं. पण सोडायला मात्र तुलाच यावं लागेल."

"एवढ्या लांब?" तो हसला. मग थोडे थांबून, जपून जपून म्हणाला, "गाडीवरून आलो तर चालेल?"

मी श्वास रोखून उभा होतो. आरती संपली होती. एक जवान साखरेचे फुटाणे वाटत आमच्याकडे येत होता. सौ.ने तळहातावर प्रसाद घेतला, अर्धा मुलाच्या हातात घातला.

"हळू ये," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. पवनचक्क्यांचे लाल दिवे एका तालात लुकलुकत होते. मागच्या आसनावर आई आणि मुलगा कुठल्या शिरस्त्राणाला काय किंमत पडते यावर वाद घालत होते. तिला सर्वांत जड हवे होते, त्याला सर्वांत हलके. सारथ्याने एकदा आरशातून मागे पाहिले, मग माझ्याकडे, आणि वेग थोडा कमी केला.